'प्रो' नेमका कोणासाठी? – गेम कन्सोलच्या मधल्या पिढीचा बाजार

मोबाइलचं नवं मॉडेल दर वर्षी येतं याचं आता कोणालाच काही वाटत नाही. गाड्यांचंही तेच. तीन-चार वर्षं झाली की जुन्याच गाडीला नवे दिवे, नवा बंपर लावून 'फेसलिफ्ट' म्हणून शोरूममध्ये उभी करतात आणि आपण कौतुकाने बघायला जातो. व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा रिवाज मात्र वर्षानुवर्षं वेगळा होता. एकदा मशीन घरात आलं की सहा-सात वर्षं निर्धास्त! मग २०१६ साली सोनीने आणि २०१७ साली मायक्रोसॉफ्टने हा रिवाज मोडला आणि पिढीच्या मध्येच जास्त ताकदीचं मशीन बाजारात आणलं. २०२४ मध्ये सोनीने पुन्हा तेच केलं. यालाच इंग्रजीत 'मिड-जनरेशन अपग्रेड' म्हणतात. मराठी शब्द शोधत बसले तर मासिक छापून होईल, म्हणून आपण सरळ 'मधलं मशीन' म्हणू या.

प्रश्न असा, की असं मशीन विकलं जातं का? आणि जातं तर नेमकं कोण घेतं? आपल्याला मॅनेजमेंटच्या विषयात 'प्रॉडक्ट लाइफ सायकल'ची ती घंटेसारखी आकृती पाठ करायला लावतात ना, तिचं इतकं जिवंत उदाहरण दुसरं सापडणार नाही.

आधी कन्सोलचा धंदा कसा चालतो ते पाहू. मशीनवर कंपनी फारशी कमाई करत नाही, सुरुवातीला तर कित्येकदा तोटा सोसते. कमाई असते गेममध्ये. गेम कोणीही बनवलेला असो, त्या मशीनवर विकला गेला की कंपनीचा वाटा ठरलेला. म्हणजे जितकी मशीन घराघरात, तितकी गेमची गिऱ्हाइकं. याला 'इन्स्टॉल्ड बेस' म्हणतात आणि कन्सोलच्या धंद्यात हाच खरा देव. दुसरी गोष्ट म्हणजे सगळी मशीन एकसारखी असणं. पीसीवर कोणाचं ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, याचा नेम नाही. कन्सोलवर गेम बनवणाऱ्याला एकच मशीन समोर ठेवून काम करता येतं, त्यामुळे साध्या हार्डवेअरमधूनही तो चमत्कार काढून दाखवतो.

तिसरी गोष्ट किमतीची. चिप लहान होत गेली की बनवायचा खर्च उतरतो आणि किंमत पाडता येते. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ वर उतरला आणि २००९ मध्ये तर ९९ वर! एकूण विक्री १५ कोटींच्या वर गेली. सुरुवातीला हौशी लोक घेतात, नंतर किंमत उतरेल तसतसे बाकीचे. म्हणजे पिढीच्या मधोमध कंपनीचं मुख्य काम असतं नवीन, कमी पैसेवाल्या गिऱ्हाइकाला आत घेणं. 'स्लिम' नावाची जी छोटी, स्वस्त मॉडेलं निघतात ती यासाठीच.

मधल्या मशीनची दिशा याच्या बरोबर उलटी आहे. ते नवीन गिऱ्हाइकासाठी नाहीच. ज्याच्या घरी आधीच मशीन आहे त्यालाच दुसऱ्यांदा विकायचं असतं. तेही असं, की गेम तेच, कंट्रोलर तोच, फक्त चित्र जास्त चांगलं. हे विकणं किती अवघड असेल याचा विचार करा!

या वाटेवर सर्वांत वाईट आपटली ती सेगा कंपनी, तीही २०१६ च्या कितीतरी आधी. सेगाचं मेगा ड्राइव्ह हे मशीन (अमेरिकेत त्याला जेनेसिस म्हणत) नव्वदीच्या सुरुवातीला जोरात होतं. मग त्याला सीडी जोडण्याचा भाग आला. अमेरिकेत तो १९९२ मध्ये २९९ डॉलरला मिळायचा. त्यानंतर १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये '३२एक्स' नावाचा आणखी एक भाग आला, १५९ डॉलरला, जो मशीनच्या डोक्यावर खोचायचा. गंमत म्हणजे मूळ मशीन, सीडीचा भाग आणि ३२एक्स या तिघांना तीन वेगवेगळे अॅडॉप्टर लागायचे. (आपल्या हॉस्टेलच्या खोलीत, जिथे एका प्लगवर चार चार्जर लटकतात, तिथे हे प्रकरण चाललंच नसतं.) पण खरी गडबड पुढेच आहे. त्याच नोव्हेंबरमध्ये सेगाने जपानमध्ये आपलं पुढच्या पिढीचं मशीन, सॅटर्न, विकायला काढलं! म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला एकीकडे सांगायचं 'जुन्याला हा भाग जोडा', आणि दुसरीकडे त्याला मासिकांमधून दिसतंय की खरं नवीन मशीन तर येऊ घातलंय. मग कोण कशाला घेईल? आणि गेम बनवणाऱ्यांनी तरी कशासाठी गेम बनवावेत? ३२एक्सवर सगळे मिळून चाळीसच्या आसपास गेम निघाले आणि विषय संपला. ज्यांनी घेतलं होतं त्यांचा सेगावरचा विश्वास उडाला, आणि जे थांबले होते ते पुढेही थांबायलाच शिकले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच बंद केलं. त्याला इतरही कारणं होती, पण दुकानदार आणि गिऱ्हाइकं दोघांचाही भरवसा जायला सुरुवात इथून झाली असं माझं मत आहे.

यातून धंद्याने एक नियम शिकून घेतला. मधलं मशीन काढायचं तर त्याच्यासाठी वेगळे गेम काढायचे नाहीत. जे चालेल ते जुन्यावरही चाललं पाहिजे. प्लेस्टेशन ४ प्रोच्या वेळी सोनीने हे आधीच जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा. पण मार्केटिंगवाल्याच्या दृष्टीने? त्याचा हुकमी एक्काच काढून घेतला! कन्सोल विकतात ते गेमच्या जोरावर, 'हा गेम फक्त इथेच' असं सांगून. मधल्या मशीनची जाहिरात करताना ते एक वाक्य उच्चारायचीच सोय नाही.

मग २०१६ मध्ये सोनीने हे धाडस का केलं? त्या वेळचे सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख अँड्र्यू हाऊस यांनी एक कारण उघडपणे सांगितलं होतं. पिढीच्या मधोमध, सर्वांत चांगलं चित्र हवं असणारे खेळाडू पीसीकडे वळू लागतात, असं त्यांच्याकडची आकडेवारी दाखवत होती. हे लोक संख्येने थोडे, पण खर्च करण्यात पुढे. एक माणूस पीसीकडे गेला की त्याच्या पुढच्या सगळ्या गेममधला वाटाही गेला. म्हणजे प्रोकडे किती नवीन लोक आले यापेक्षा, तो नसता तर किती लोक गेले असते, हा खरा हिशेब होता. असा हिशेब विक्रीच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून 'प्रो फेल गेला' किंवा 'हिट झाला' असं पटकन म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरं कारण टीव्हीचं. फोर-के टीव्ही घरोघर यायला लागले होते. आता इथे आपल्या आवडीचं थोडं गणित करू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर चौपट! आता ताकद बघा. साध्या प्लेस्टेशन ४ चा ग्राफिक्स चिप १.८४ टेराफ्लॉपचा, प्रोचा ४.२ चा. म्हणजे २.२८ पट. काम चौपट आणि मजूर सव्वादोनपट. मग केलं काय? बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पिक्सेल मोजायचे आणि उरलेले आधीच्या फ्रेमवरून भरून काढायचे. फोर-केच्या निम्मे पिक्सेल म्हणजे फुल एचडीच्या दुप्पट, आणि आपल्याकडे ताकद सव्वादोनपट. बसलं की नाही गणित! या युक्तीला 'चेकरबोर्ड रेंडरिंग' म्हणतात. इंजिनीअर म्हणून मला हा भाग फार आवडतो. पण जाहिरातीत हे कसं सांगणार? 'आमचं फोर-के खरं फोर-के नाही, पण सोफ्यावरून कळणार नाही' असं होर्डिंग कुठे लावतात का?

मायक्रोसॉफ्टने नेमकं हेच वर्म पकडलं. त्यांचा एक्सबॉक्स वन एक्स नोव्हेंबर २०१७ मध्ये आला, ६ टेराफ्लॉपचा. त्यांच्या साध्या मशीनची ताकद १.३१ होती, म्हणजे साडेचारपटीहून जास्त, आणि म्हणून 'खरं फोर-के' असं छातीठोकपणे सांगता आलं. शिवाय त्यात फोर-के ब्लू-रे ड्राइव्ह होता. तो प्रोमध्ये नव्हता, आणि ब्लू-रेच्या निर्मितीत स्वतः पुढे असलेल्या सोनीने तो का वगळला हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. यंत्र म्हणून एक्स निर्विवाद सरस. पण एक वर्ष उशिरा, आणि किंमत ४९९ डॉलर. त्यात अजून एक घोळ. हे मशीन येणार हे त्यांनी जून २०१६ मध्येच, म्हणजे सतरा महिने आधी सांगून टाकलं होतं, आणि तेही ज्या कार्यक्रमात त्यांनी त्यांचा स्लिम म्हणजे वन एस जाहीर केला त्याच कार्यक्रमात! पुढचं इतकं आधी सांगितलं की आजचं कोण घेतं? याला मार्केटिंगमध्ये 'ऑस्बोर्न इफेक्ट' म्हणतात. ऑस्बोर्न नावाची संगणक कंपनी १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची बातमी लवकर फुटल्यामुळे बुडाली असं सांगतात, त्यावरून. मायक्रोसॉफ्ट अर्थातच बुडाली नाही, पण २०१५ नंतर त्यांनी मशीन किती विकली हे सांगणंच बंद केलं आहे, तेव्हा एक्सचा निकाल गुणपत्रिकेशिवायच समजून घ्यावा लागतो.

सोनीने मात्र २०१७ मध्ये सांगितलं, की प्रो आल्यापासून विकल्या गेलेल्या दर पाच प्लेस्टेशन ४ पैकी एक प्रो आहे. पाचात एक! मला हा आकडा फार बोलका वाटतो. मधल्या मशीनच्या बाजाराची लांबी-रुंदी साधारण एवढीच. चार माणसांना ते नको असतं, आणि एकाला हवंच असतं.

आता या यशामागची किमतीची शिडी बघा, कारण माझ्या मते सगळं इंगित तिथेच आहे. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला ३९९ डॉलरला. २०१६ मध्ये प्रो आला तोही ३९९ लाच, आणि त्याच सुमारास स्लिम २९९ वर उतरला. म्हणजे वरची पायरी वर गेली नाही, खालची पायरी खाली आली. मग काय झालं असेल? आपल्याकडे मिनी ड्राफ्टरचं जे होतं तेच! फर्स्ट इयरला आपण सीनियरकडून घेतो, वर्ष संपलं की ज्युनियरला विकतो. एकाच ड्राफ्टरवर चार बॅचेस ड्रॉइंग पास होतात (किंवा नापास). तसंच ज्याने प्रो घेतला त्याने आपलं जुनं मशीन धाकट्या भावाला दिलं किंवा विकून टाकलं. ते मशीन कुठल्यातरी तिसऱ्याच घरात गेलं आणि तिथे गेम विकले जायला लागले. कंपनीचा वाटा तिथूनही सुरू! प्रो एकाने घेतला, पण घराघरात मशीन दोन झाली. आमच्या विंगमध्ये जो प्लेस्टेशन ४ आहे, ज्यावर मेसचं जेवण झाल्यावर फुटबॉलसाठी नंबर लागतात, तो असाच फिरत फिरत आलेला आहे. त्याचा मूळ मालक कोण, हे वॉर्डन सरांनाही सांगता येणार नाही.

निन्टेन्डोचं थोडक्यात सांगते, कारण त्यांनी वेगळीच शक्कल लढवली. २०२१ मध्ये त्यांनी स्विच ओएलईडी काढला, ३४९ डॉलरला, साध्या स्विचपेक्षा ५० ने जास्त. चिपची ताकद होती तेवढीच, टीव्हीला जोडलं तर चित्रात काडीचा फरक नाही. मोठा आणि झळकदार झाला तो फक्त पडदा. इंजिनीअर नाक मुरडेल, पण दुकानात दोन्ही हातात घेऊन बघितले की फरक लहान मुलालाही दिसतो. प्रोचा फरक दाखवायला मात्र आधी महागडा टीव्ही हवा, आणि इंटरनेटवर व्हिडिओ दाखवावा तर तो दाबून लहान केलेला असतो, नेमका तोच बारीक तपशील गायब! जी गोष्ट जाहिरातीत दिसतच नाही ती विकायची कशी, हा मधल्या मशीनचा जुनाट रोग आहे.

याच रोगाचं सर्वांत ठळक दर्शन झालं १० सप्टेंबर २०२४ ला, जेव्हा मार्क सर्नी यांनी प्लेस्टेशन ५ प्रो सादर केला. जेमतेम नऊ मिनिटांचं सादरीकरण, त्यात जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी. पण त्यात सर्नींनी एक गोष्ट फार मोलाची सांगितली. गेममध्ये दोन पर्याय असतात: चित्र सुंदर पण सेकंदाला ३० फ्रेम, किंवा चित्र जरा साधं पण ६० फ्रेम. यातला वेगाचा पर्याय लोक जवळपास तीन-चतुर्थांश वेळा निवडतात. म्हणजे प्रोने दोन्ही एकदम द्यायचं, ही कल्पना.

आता पुन्हा पेन्सिल घ्या. सोनीच्या म्हणण्यानुसार प्रो ४५ टक्के जास्त वेगाने चित्र काढतो. ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. त्याला १.४५ ने भागलं की येतात साधारण २३. पण ६० फ्रेमसाठी हवेत १६.७! म्हणजे नुसत्या ताकदीवर काम भागत नाही. म्हणून चित्र आधी लहान आकारात काढायचं आणि मशीन लर्निंगच्या मदतीने मोठं करायचं, ज्याला सोनी 'पीएसएसआर' म्हणते. २०१६ च्या बुद्धिबळाच्या पटाचं हे नातवंडच म्हणा. युक्ती सुंदर आहे, पण गिऱ्हाइकाला पुन्हा तेच सांगायचं: 'तुम्हाला न कळणारी गोष्ट आम्ही फार छान केली आहे'.

आणि तेव्हाची किंमत? ६९९ डॉलर! युरोपात ७९९ युरो. त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, तो हवा तर आणखी ८० डॉलर. कोणी म्हणेल की २०१६ मध्येही प्रो स्लिमपेक्षा एक-तृतीयांशाने महाग होता, इथे ४० टक्के, एवढा काय फरक? पण ड्राइव्ह धरला तर तो ५६ टक्के होतो. आणि मुख्य म्हणजे खालची पायरी खाली आलेलीच नाही. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ ला आला आणि चार वर्षांनीही ४९९ लाच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेत सोनीने सगळ्याच मॉडेलचे ५० डॉलर वाढवले. चिप लहान करून स्वस्त करण्याचं जुनं सूत्र आता चालत नाही. नव्या कारखान्यांतल्या चिप महाग झाल्या आणि जागतिक महागाईने उरलेलं काम केलं. प्लेस्टेशन २ च्या वेळी जी घंटा उजवीकडे उताराला लागायची, ती आता सपाटच राहते.

या पार्श्वभूमीवर एक आकडा लक्षात ठेवा. २०२४ मध्ये सोनीनेच गुंतवणूकदारांना सांगितलं, की त्यांच्या दर महिन्याला खेळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे अजून प्लेस्टेशन ४ वरच आहेत. म्हणजे तेव्हा गिऱ्हाइकांचा अर्धा वर्ग साध्या प्लेस्टेशन ५ वर सुद्धा आलेला नव्हता, आणि कंपनी दुसऱ्या टोकाच्या माणसाला आणखी वर बोलावत होती. मला विचाराल तर यात मूर्खपणा नाही, शुद्ध व्यवहार आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडून आधी घ्या, याला पुस्तकात 'प्राइस स्किमिंग' म्हणतात. फक्त स्किमिंगमध्ये पुढे किंमत उतरवायची असते, तो भाग इथे गाळला आहे. म्हणून प्रो विकला जाईल, पण हौशी मंडळींपुरता. पाचात एकाच्या वर जाईल असं मला वाटत नाही, आणि सोनी आपल्या निकालांत प्रोचा आकडा वेगळा देत नाही. मायक्रोसॉफ्टने या पिढीत हा उद्योगच केला नाही. त्यांनी २०२० मध्ये पहिल्याच दिवशी दोन पायऱ्या ठेवल्या, २९९ ची सिरीज एस आणि ४९९ ची सिरीज एक्स. गेम बनवणारे मात्र धाकट्या एसच्या नावाने बोटं मोडतात, कारण प्रत्येक गेम तिच्यावरही चालवून दाखवावा लागतो.

आपल्या देशाचं काय? इथे तर किस्साच झाला. बाकी जगात प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला आला, भारतात नाही. कारण किंमत नव्हे, वायफाय! प्रोमध्ये वायफाय-७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि तो पट्टा तेव्हा आपल्याकडे वापरायला खुला नव्हता. (ई अँड टीसीवाल्यांनो, तुमच्या विषयाने अख्खं मशीन सीमेवर अडवून दाखवलं, कॉलर ताठ करा.) त्या पट्ट्याचा खालचा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला. पण लायसन्सचा प्रश्न सुटला तरी गिऱ्हाइकाचा सुटत नाही. साधा प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे ४९,९९० रुपयांना आला होता. त्याच्या दीडपट रक्कम म्हणजे एक बरा लॅपटॉप, ज्यावर प्रोजेक्टही होतं आणि गेमही. हाऊस साहेबांना जी भीती होती, की चांगलं चित्र हवं असणारा पीसीकडे जाईल, ती आपल्या कॉरिडॉरमध्ये प्रत्येक दारामागे खरी झालेली आहे.

आपल्यासारख्यांना खरा फरक पडतो तो डिस्क ड्राइव्हचा. डिस्क आहे तोवर गेम उसना मागता येतो, निम्म्या किमतीत विकता येतो, चौघांनी पैसे काढून एक घेता येतो. ऑनलाइन घेतलेला गेम अकाउंटला चिकटलेला, तो ना देता येतो ना विकता येतो. २०१६ मधल्या प्रोच्या पोटात डिस्क होती, म्हणून मशीन खाली सरकलं तेव्हा त्याच्याबरोबर गेमचा गठ्ठाही सरकला. आज ज्याने ड्राइव्हशिवाय प्रो घेतला आहे तो तीन-चार वर्षांनी ते मशीन विकायला काढेल, तेव्हा घेणाऱ्याच्या हातात मशीन येईल आणि शेल्फ रिकामं असेल. आमच्या विंगमधल्या खोक्यात आत्ता सव्वीस डिस्क आहेत. त्यातल्या निम्म्यांवर अशा लोकांची नावं मार्करने लिहिलेली आहेत, जे आम्ही बारावीत होतो तेव्हाच पास होऊन गेले.